शुद्ध दाता

माझी मुलगी माणसाच्या आतड्यांत राहणाऱ्या जिवाणूंचा अभ्यास करते. हे वाक्य इतक्या सरळपणे मी आज प्रथमच लिहीत आहे. तिने हा विषय धरला त्याला आता वीस वर्षे होत आली. त्या काळात कोणी विचारले की ती प्रयोगशाळेत असते एवढेच मी सांगत असे. आणि घरात, फार चिडलो तर, तिच्या विद्येला मलशास्त्र म्हणत असे. जन्मभर संस्कृत शिकवलेल्या माणसाला अपमानासाठी शब्द शोधावा लागत नाही. तो हाताशीच असतो.

आरंभीच्या वर्षांत ती रविवारी दुपारी आमच्याबरोबर जेवायला बसली की उत्साहाने सांगू लागे. पूर्वी जिवाणू म्हणजे रोग आणि रोग म्हणजे शत्रू, एवढेच शास्त्राला ठाऊक होते. पोटातील बहुतेक जीव मोकळ्या हवेत मरतात, त्यामुळे ते काचेच्या थाळीत वाढवता येत नसत. आणि जे वाढत नाही ते महत्त्वाचेही नसावे, असे धरून लोक चालत. पुढे मैला जसाच्या तसा घेऊन त्यातील साऱ्या जीवांची जनुके एकदम वाचण्याची रीत निघाली, आणि ज्या जागी दोन-चार उपद्रवी जीव आहेत अशी समजूत होती तेथे एक अख्खी वस्ती सापडली. आपल्याला न पचणारा कोंडा ते पचवतात, आतड्याचे अस्तर राखतात, आणि जागा अडवून बसतात म्हणून दुष्टांना शिरकाव मिळत नाही. तिच्या वरिष्ठांपैकी काही जण प्रथम हसले होते म्हणे. नंतर तेच या विषयावर व्याख्याने देऊ लागले, आणि त्यापाठोपाठ बाजारात ‘हितकर जिवाणूंच्या’ डब्या विकणारे आले. या डबीवाल्यांवर तिचा सर्वांत अधिक राग. आमच्या अर्ध्या वाक्यावर हे लोक पूर्ण जाहिरात करतात, असे ती म्हणे.

मी तिला थांबवीत असे. पानावर बसून हा विषय नको. त्यावर ती एकदा म्हणाली, “अप्पा, पान हाच तर विषय आहे.” तिच्या आईला हसू आले. मला आले नाही.

नंतर तिने लग्न केले. मुलगा मराठवाड्यातून इकडे आलेल्या बौद्ध कुटुंबातला, सिकंदराबादला रेल्वेत अभियंता. मी विरोध केला नाही. मी केवळ गेलो नाही. या दोहोंतील फरक लोक मानीत नाहीत, आणि आता मीही मानीत नाही. अकरा वर्षे मी त्यांच्या घराची पायरी चढलो नाही. आपण परान्न घेत नाही आणि हा नियम सर्वांना सारखाच लागू आहे, असे मी सांगत असे. तेही खरे नव्हते. सुलतान बाजारातील एका स्नेह्यांकडे मी दर श्राद्धाला पोटभर जेवून येत होतो.

गेल्या वर्षी माझ्या पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. जखम चिघळली. ती आवरावी म्हणून सहा आठवडे एकामागून एक प्रतिजैविके चालली. जखम भरली, आणि पोट बिघडले. सुरुवातीला आम्ही डाळिंबाची साल, ताक, साबुदाण्याची पेज असे घरगुती उपाय केले. मग रुग्णालय गाठले. तपासात एक हट्टी जिवाणू निघाला. त्याच्यासाठी वेगळे औषध दिले. दहा दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. दुसऱ्यांदा दिले, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिचे मूत्रपिंड दमले असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. पन्नास वर्षे जिने सोवळ्याने नैवेद्य रांधला, ती अंथरुणात बसल्या जागी घाण होई आणि भिंतीकडे तोंड करून रडत असे. आमच्या हिमायतनगरच्या घरापासून ते रुग्णालय वीस मिनिटांवर होते. तेवढ्या वाटेत ऑटोवाल्याला दोनदा थांबावे लागले. त्या गरिबाने आपल्या बाटलीतले पाणी तिच्या हातावर ओतले, “अम्मा, जल्दी नक्को” म्हणाला, आणि आमच्याकडे पाहिले नाही.

मुलीने मला नकाशा काढावा तसे समजावले. औषधांनी आईच्या पोटातील वस्ती उजाड झाली आहे. रिकाम्या गावात एक दांडगा शिरला आहे. त्याला मारले तरी गाव रिकामेच राहते, म्हणून तो परत येतो. गाव पुन्हा वसवायला हवे. त्यासाठी एका निरोगी माणसाचा मैला घ्यायचा, मिठाच्या पाण्यात कालवून गाळायचा, आणि नळीने आत सोडायचा.

हे ऐकून मी खोलीबाहेर गेलो आणि नळावर हातपाय धुतले. ती मागोमाग आली.

“तुमच्या हातांना काही लागलेलं नाही,” ती म्हणाली.

मी म्हटले, की जगात इतकी औषधे असताना तुझ्या शास्त्राला हेच सुचावे यात मला नवल वाटत नाही. ती भांडली नाही. “आई मरतेय,” एवढे म्हणून ती परत आत गेली. तिची ती शांत पाठ मला शिवीपेक्षा झोंबली.

त्या रुग्णालयात असे नमुने साठवून ठेवण्याची सोय नव्हती. घरातलाच कोणी दाता आणा, तपासण्या आम्ही करू, असे डॉक्टर म्हणाले. मी वयाने बाद. मुलगी रोज रोग्यांचे नमुने हाताळते आणि दाढदुखीसाठी नुकतीच प्रतिजैविके घेतलेली, म्हणून तीही बाद. राहिला माझा मुलगा. तो आमच्याजवळच राहतो, बँकेत आहे, अविवाहित आहे. घरचे खातो, बाहेरचे शक्यतो नाही. मला हायसे वाटले. आपलेच रक्त, आपलेच अन्न. पत्नी वाचेल या विचाराच्या आधी मनात हा विचार आला, हे लिहून ठेवतो.

येथे माझ्या हातून जे घडले ते दुसऱ्या कोणाच्या हातून घडले नसते.

आमच्याकडे दान देणाऱ्याने आधी शुद्ध व्हावे अशी रीत आहे. आता हे दान आईच्या प्राणांसाठी. मग दाता अशुद्ध कसा चालेल? मुलीने दात्यासाठी खाण्यापिण्याचे नियम कागदावर लिहून दिले होते. ते मी वाचले, आणि त्यांत शुद्धीबद्दल एक अक्षरही नाही याचे मला वाईट वाटले. शहराबाहेरच्या एका गोशाळेत मी नेमाने जातो. तेथे एक छापील पत्रक मिळाले. पंचगव्यात हितकर जिवाणू असतात आणि हे आधुनिक संशोधनाने सिद्ध झाले आहे, असे त्यात होते. वीस वर्षांत प्रथमच मला मुलीच्या विद्येचा अभिमान वाटला. पाहा, म्हटले, शेवटी ती फिरून आपल्याच दाराशी आली. गाईचे दूध, दही, तूप, गोमूत्र आणि गोमय मी यथाविधी एकत्र केले, मंत्र म्हटले, आणि तपासणीआधी तीन सकाळी मुलाला पळीने दिले.

मुलाने एकदा विचारले, “अप्पा, ताईला सांगायचं का?”

मी म्हटले, तिला यातले काय कळते.

तिसऱ्या दिवसापासून त्याच्या पोटात मुरडा येऊ लागला. आईच्या आजारापुढे आपले काय सांगायचे, म्हणून तो गप्प राहिला. नमुना दिला. चार दिवसांनी डॉक्टरांनी आम्हा तिघांना बोलावले. ते मृदू स्वभावाचे तेलुगू गृहस्थ. सगळ्यांनाच आदराने ‘गारू’ म्हणत. त्यांनी सांगितले की मुलाच्या नमुन्यात एक घातक जिवाणू आहे, त्याला महिनाभर तरी दाता म्हणून घेता येणार नाही. मग त्यांनी मुलाला विचारले, मागच्या आठवड्यात काही कच्चे, उघड्यावरचे खाल्ले होते का. मुलाने माझ्याकडे पाहिले आणि तो म्हणाला, “हौ, घेतलं ना मी. पंचगव्य.”

डॉक्टरांनी मला दोष दिला नाही. तो जंतू नेमका त्यातूनच आला असे सिद्ध करता येणार नाही, असेही ते न्यायाने म्हणाले. पण माझ्या मुलीला सिद्धतेची गरज नव्हती. ती बाहेरच्या बाकापर्यंत चालत गेली. तेथे रोग्यांचे नातेवाईक डबे उघडून बसले होते. त्यांच्यादेखत ती उभी राहून म्हणाली,

“तुम्ही त्याला शेण पाजलंत.”

मी गोमय हा शब्द उच्चारला. आता आठवले की लाज वाटते. पण तेव्हा मी तो उच्चारला.

“शेण,” ती म्हणाली. “मी लिहून दिलं होतं, उकळलेलं पाणी, घरचं ताजं अन्न, दुसरं काही नाही. वीस वर्षं तुम्ही माझं एक वाक्य ऐकलं नाहीत. आणि ऐकलंत तेव्हा कोणाचं, तर पत्रक छापणाऱ्याचं. तो एक महिना बाद. आईकडे महिना नाही, अप्पा.”

मुलगा मध्ये पडू लागला, तर तिने त्यालाही सोडले नाही. तू बँकेत लोकांना सही करण्याआधी वाचा म्हणून सांगतोस ना, असे त्याला विचारले.  मग तिने मला सांगितले की तिच्या नवऱ्याच्या तपासण्या तिने आधीच करून ठेवल्या आहेत. सगळ्या चांगल्या आल्या आहेत. तो तयार आहे.

मी म्हटले, “आणखी कोणी नाही का?”

हा प्रश्न माझ्या तोंडून गेला. तो परत घेण्याचा यत्न मी पुष्कळ केला आहे. शब्द परत येत नाहीत, हे मीच वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो.

ती म्हणाली, “आहे ना. आईची वाट बघणारे आहेत. स्मशानातले.”

आम्ही आत गेलो. पत्नीला सलाईन चालू होते. मुलीने तिला सारे सांगितले. पंचगव्याचेही सांगितले, काही गाळले नाही. मला वाटले, पत्नी नकार देईल. माझ्याइतकीच ती आचाराची, असे मी धरून होतो. तिने मान माझ्याकडे वळवली. तिचे ओठ सुकून फुटले होते, तरी बोलणे स्पष्ट होते.

“दर गुरुवारी मी कीर्तनाला जात होते ना,” ती म्हणाली, “मी कीर्तनाला नव्हते जात. लेकीकडे जात होते. अकरा वर्षं. त्यांच्या घरी जेवून यायचे आणि इथे येऊन तुमचा नैवेद्य करायचे. तुमच्या देवाला काही झालं नाही.”



“जावयाचं मी घेईन,” ती पुढे म्हणाली. “पण अकरा वर्षं चोरून खाल्लं, आता चोरून घेणार नाही. तुम्ही जा. त्यांच्या दारात उभं राहून मागा. तुम्ही मागितलंत तर घेईन. नाहीतर राहू दे.”

मुलीने तिला समजावले की हा हट्टाचा प्रसंग नाही. पत्नीने डोळे मिटून घेतले. पन्नास वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितले नव्हते, आणि आता जे मागत होती ते स्वतःसाठीही नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, दोन दिवसांत ठरवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नानसंध्या आटोपून मी सिकंदराबादला गेलो. त्यांचे घर रेल्वेच्या वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नव्हती. वर पोहोचेपर्यंत माझा घसा कोरडा पडला. दार जावयांनी उघडले. मी त्यांना प्रथमच इतक्या जवळून पाहत होतो. कानशिलांवर केस पांढरे झाले होते. इतकी वर्षे गेली, आणि माझ्या डोळ्यांपुढे अजून लग्नाच्या नोंदणीच्या छायाचित्रातील तरुणच होता.

“या सर,” ते म्हणाले. मी कधी त्यांचा शिक्षक नव्हतो; ‘अप्पा’ म्हणायला मी जागा ठेवली नव्हती. तेव्हा ‘सर’ हे योग्यच होते.

बाहेरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती होती. समोर ताजी फुले, आणि मेणबत्ती नुकतीच लावलेली. माझे हात सवयीने जोडले गेले. जावई पाहत होते.

“मूर्तीला हात जोडलेलं चालतं का तुम्हाला?” त्यांनी विचारले. स्वर अगदी सौम्य होता.

मी हात खाली घेतले. मग त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः समोर बसले. “पाणी विचारत नाही,” ते म्हणाले. “तुम्ही घेत नाही. उगीच तुम्हाला नाही म्हणायला लावायचं, ते बरं नाही दिसत.”

आतल्या दाराशी मुलगी उभी होती. तिने पुढे होऊन काही केले नाही. मला तहान इतकी लागली होती की जीभ टाळूला चिकटत होती. त्या स्थितीत मी जुळवून आणलेली वाक्ये म्हटली. आपण माझ्या पत्नीसाठी दान द्यावे, अशी माझी आपल्याला विनंती आहे. मी हे मागायला आलो आहे.

“काय मागायला?” त्यांनी विचारले.

मी पुन्हा ‘दान’ म्हटले. ते थांबून राहिले. त्यांना कोणता शब्द हवा होता ते मला कळले. मुलीकडून इतकी वर्षे ऐकलेला आणि पानावर नको म्हणून थांबवलेला तो साधा शब्द मी उच्चारला. ते हसले नाहीत, हे मला सांगितले पाहिजे.

“मी आधीच हो म्हणालो होतो,” ते म्हणाले. “आईंनी आमच्या घरात हाताने वाढून घेऊन खाल्लं आहे. त्यांच्यासाठी मला कोणी सांगायची गरज नव्हती. तुम्ही आलात ते त्यांनी सांगितलं म्हणून. माझ्यासाठी आला नाहीत, हे मला समजतं. तुम्हीही तेवढं समजून घ्या.”

मी हो म्हटले आणि उठलो. तीन मजले उतरताना मला एकाच गोष्टीचे आश्चर्य वाटत होते. त्या घरात मला त्यांचा मल मागता आला. पाणी मागता आले नाही. खाली येऊन मी रसवंतीवर दोन ग्लास रस प्यालो. तो कोणाच्या हातचा होता, कोणत्या पाण्याने ते ग्लास विसळले होते, हे पाहिले नाही.

ते काम तासाभरात झाले. तिसऱ्या दिवशी पत्नीचे जुलाब थांबले. आठवड्याने तिने भात मागितला. डॉक्टर म्हणाले, रुजले. मुलीने नंतर तपासणीचे कागद भावाला दाखवले. आईच्या पोटात आता कोणाकोणाची वस्ती आहे ते त्यांत होते, आणि त्यांतील बहुतेक कुळे जावयांच्या नमुन्यातली होती. माणसे बदलतात का, स्वभाव बदलतो का, अशा गोष्टी काही लोक या शास्त्राच्या नावावर सांगतात, त्यांवर विश्वास ठेवू नकोस, असेही तिने भावाला बजावले. एवढे खरे की आई जगेल. मला कागद दाखवण्याचे तिने टाळले. मीही मागितले नाहीत. मी तिचे आभार मानले, तेव्हा तिने फोनवर “बरं” म्हटले आणि ठेवून दिला.

पत्नी घरी आली. महिनाभर मुलगाच स्वयंपाक करीत होता. मग एका सकाळी ती स्वतः स्नान करून ओट्याशी उभी राहिली. वरण, भात, दोडक्याची भाजी. नैवेद्य झाला. मी पानावर बसलो. तिने ताट आणले, पण खाली ठेवले नाही.

“आधी सांगा,” ती म्हणाली. “माझ्या पोटात आता त्यांचं आहे. डॉक्टर म्हणतात, ते कायमचं. माझ्या हातचं तुम्हाला चालेल?”

मी म्हटले, “वाढ.”

“तसं नाही. हो की नाही ते सांगा.”

“हो,” मी म्हटले.

“इतकं सोपं होतं,” ती म्हणाली. तिच्या आवाजात समाधान नव्हते. “मग अकरा वर्षं तुम्हाला काय होत होतं?”

मी शब्द शोधत होतो. नियम, परंपरा, आचार, सारे शब्द समोर उभे होते आणि त्यांतील एकही तिच्यापुढे टिकणारा नव्हता. तिने उत्तराची वाट पाहिली. माझ्या स्वभावात धीर पुष्कळ आहे असे लोक म्हणतात. त्या दिवशी कळले की तिच्यात त्याहून अधिक आहे, आणि तो संपला आहे. तिने ताट माझ्यापुढे ठेवले, भातावर तूप घातले, आणि दुसरे ताट घेण्याऐवजी पदराला हात पुसत आतल्या खोलीत गेली. तेथून ती लेकीशी फोनवर बोलत असल्याचे ऐकू येत होते. बोलणे भाजीत मीठ किती पडले याबद्दल होते.

मी प्राणाहुती घेतल्या आणि जेवलो. भाजीत मीठ बरोबर होते. ते सांगायला आत जावे असे वाटले, पण मला कोणी विचारले नव्हते.